मधल्या कप्प्यातला शिपाई

जयमालाबाईंना लग्नाला नेणं ही एक जोखीमच असायची. बाकीची मंडळी नवरीची साडी बघत, स्वयंपाकघराकडून येणाऱ्या वासावरून जेवणाचा अंदाज घेत, आणि या बाई कार्यालयाच्या दारात फुलांनी सजवून उभ्या केलेल्या गाडीपाशी थबकत. मान तिरकी करून बॉनेटवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत. ते जिथे सरळ असेल तिथे रंग मूळचा, जिथे वाकलं तिथे काहीतरी घडून गेलेलं. मग शेजारणीच्या कानाशी लागून त्या सांगत की गाडी ठोकलेली आहे, पुन्हा रंगवलीय. एकदा हे नवऱ्यामुलाच्या मामांनी ऐकलं. गाडी त्यांचीच होती आणि मुलीकडच्यांना ती नवी म्हणून दाखवलेली होती. त्या लग्नात जेवणं फार लवकर उरकली.

त्यात बाईंचा तरी काय दोष? चाकणच्या एका कंपनीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मोटारसायकलींच्या टाक्या आणि बाजूचे पत्रे तिथे रंगवले जात, आणि रंगून, भट्टीत भाजून निघालेला प्रत्येक भाग शेवटी जयमालाबाईंच्या टेबलावर येई. डोक्यावर पांढऱ्याशुभ्र दिव्यांची रांग, हातात सुती मोजे. भाग उचलायचा, दिव्याखाली हळूहळू फिरवायचा, ओघळ, कण, ओरखडा शोधायचा. निर्दोष असला तर हिरवी चिठ्ठी, दुरुस्त होण्यासारखा असला तर पिवळी, कामातून गेलेला असला तर लाल. आठ तास हेच केल्यावर माणसाची नजर कंपनीच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. ती बसमध्ये येते, बाजारात येते, घरी येते. भाकरीची कड जळली, कुकरच्या झाकणाला पोचा आला, लेकीच्या फ्रॉकची शिवण तिरकी गेली, सगळं दिसतं. दिसलं की बोललं जातं. वर्षाली लहानपणी चित्र काढून आणायची तेव्हा आईच्या हातात देताना एक कोपरा अंगठ्याने झाकून ठेवायची.

पण हीच नजर होती म्हणून घर उभं राहिलं, हेही खरं. औशाकडून उद्धवराव आणि त्या इकडे आले तेव्हा उद्धवराव कंपनीची बस चालवायचे. वर्षाली दहावीला असताना ते अचानक गेले. त्यानंतर निघोज्याच्या एका खोलीत, शेजारच्या मुमताजच्या आधाराने, जयमालाबाईंनी लेकीला शिकवलं. वर्षाली तळेगावला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, तिने माणच्या आयटी कंपनीतल्या सुजितशी लग्न ठरवलं, मोशीला फ्लॅट घेतला. आणि कंपनीने जयमालाबाईंना शाल-नारळ देऊन निरोप दिला, त्याच आठवड्यात लेक-जावई टेम्पो घेऊन निघोज्याला हजर झाले. आई आता आमच्याकडे राहणार, असं दोघांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

बाईंनी खूप आढेवेढे घेतले. लेकीच्या घरी आठ दिवस राहावं, दिवाळीला जावं, बाळंतपणाला जावं, इथवर ठीक. पण कायमचं जाऊन राहायचं, तेही जावयाच्या घरात? त्यांच्या नणंदेने, सावित्रीबाईंनी, गावाहून फोनवर हेच ऐकवलं. जावयाच्या ताटात जेवायचं तर मान खाली घालून जेवावं लागतं, तोंडाला कुलूप घाल, आणि त्या घरात चुका काढत बसलीस तर महिन्याभरात परत यावं लागेल, हे लक्षात ठेव म्हणाल्या. सावित्रीबाईंचा स्वभाव कडक होता, पण या वेळी जयमालाबाईंना त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

म्हणून दसऱ्याला मोशीच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की, दिसेल ते गिळायचं. आणि दिसायला तर उंबऱ्यातच सुरुवात झाली. हॉलमध्ये दिव्याच्या बटणांच्या बोर्डाखाली भिंतीवर रंगाचा एक जाडजूड ओघळ होता, बोटभर लांब. त्यांच्या घशापर्यंत शब्द आले. त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलले. मग गॅलरीतली एक फरशी पोकळ वाजली, स्वयंपाकघरातला एक खण तिरका लागलेला दिसला, शोकेसचं काचेचं दार एका अंगाला झुकलेलं दिसलं. बाईंनी सगळ्यांकडे बघून गोड हसायला सुरुवात केली. वर्षालीने एकदोनदा विचारलंही, आई, तुझी तब्येत बरी आहे ना.

तब्येत बरी होती, मन मात्र टांगणीला लागलेलं होतं. त्यांनी आपली बॅगसुद्धा पुरती रिकामी केली नव्हती. रोजच्या साड्या कपाटात गेल्या, पण बाकीचं सामान पलंगाखाली बॅगेतच राहिलं. त्यात उद्धवरावांचा एक फोटो होता, कंपनीतले सुती मोजे होते, आणि पॉलिशच्या कंपाउंडचा एक छोटा डबा व फलालीनचा तुकडाही होता. तो डबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. निघोज्याला असताना गल्लीतल्या सगळ्या स्कूटरींचे बारीक ओरखडे त्यांनी त्या डब्यातून घालवून दिले होते. मोशीत मात्र तो बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं. पाहुणीने घरातल्या वस्तूंना कशाला हात लावावा?

आता त्या शोकेसबद्दल सांगितलं पाहिजे, कारण घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान तिलाच होता. सुजितला लहानपणापासून अवकाशाच्या गोष्टींचा नाद. दुसऱ्या ग्रहांवरची माणसं, तिथले प्राणी, यंत्रमानव, यांच्या वीतभर, हातभर उंचीच्या मूर्ती तो जमवायचा. प्रत्येकीचे हात-पाय सांध्यांत वळत, बोटंसुद्धा वळत. शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात यंत्रमानव, खालच्या कप्प्यात विचित्र तोंडांचे प्राणी, प्रत्येक कप्प्यात छोटे दिवे. मधला कप्पा मात्र रिकामा होता. तो एकासाठी राखून ठेवलेला होता आणि तो एक काही केल्या मिळत नव्हता.

संक्रांतीच्या अलीकडे तो मिळाला. नाशिकच्या एका संग्राहकाकडून सुजितने तो मागवला होता. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर रविवारच्या आत परत पाठवायचा, असा दोघांचा शब्द होता. खोक्यातून निघाला एक शिपाई. हिरवट रंगाचं जाड चिलखत, छातीवर पट्टा, पाठीवर हवेची नळकांडी, हातात लांब बत्ती. शिरस्त्राणाची काच वर सरकवली की आत चेहरा, वय झालेला, दमलेला. सुजितने त्याला रात्री सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि तरी मन ठरत नाही म्हणाला. सकाळी कामावर निघताना त्याने तो जयमालाबाईंसमोर टेबलावर ठेवला.

"आई, तुम्ही जरा याला नीट बघून ठेवता का? मधल्या कप्प्यात ठेवण्याजोगा आहे की नाही, ते मला स्पष्ट सांगा. अगदी कंपनीत सांगायचात तसं."

पुढे तो आणखी काही बोलणार होता, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, माणला कुणीतरी खोळंबलं होतं, आणि हेल्मेट शोधत तो बोलत बोलतच लिफ्टमध्ये गेला. पाठोपाठ वर्षालीही तळेगावला निघाली. घरात उरल्या जयमालाबाई आणि तो शिपाई.

बाईंना काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. या घरात आल्यापासून त्यांना सगळ्यांनी जपलं होतं, आराम करा म्हटलं होतं, पण कुणी काम सांगितलं नव्हतं. आज जावयाने आपण होऊन काम सांगितलं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या कामातलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भराभर स्वयंपाक उरकला, हात साबणाने धुतले, पलंगाखालची बॅग ओढली आणि सुती मोजे बाहेर काढले.

गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं. छोट्या टेबलावर त्यांनी पांढरा पंचा अंथरला, शिपायाला त्यावर उभं केलं आणि कंपनीतल्या शिस्तीने पाहणी सुरू केली. आधी उभा राहतो का ते पाहिलं. सरळ उभा होता, दोन्ही पाय टेकलेले, कुठे डुगडुग नाही. खांदे, कोपर, गुडघे वळवून पाहिले. सांधे घट्ट होते आणि वळवताना कुरकुरत नव्हते. डोळ्यांतली बुबुळं पाहिली. एवढ्याशा डोळ्यात ती दोन्हीकडे बरोबर मध्यावर बसवलेली होती आणि पापणीची रेघ कुठेही फाटली नव्हती. बाईंनी मनातल्या मनात त्या कारागिराच्या पाठीवर थाप मारली. पट्ट्याच्या कडा, बुटांच्या लेसा, बत्तीची जाळी, सगळं काम मन लावून केलेलं.

मग त्यांनी चिलखताचा रंग पाहिला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं.

डाव्या खांद्यावर हा एवढा ओरखडा, रंग जाऊन आतलं रुपेरी उघडं पडलेलं. गुडघ्यावर घासटलेलं. छातीवर काजळी. नळकांड्यांच्या खिळ्यांपासून गंजाचे तांबूस ओघळ खाली आलेले. बुटांवर तर चिखलच. बाईंनी शिपायाला उलटापालटा करून पाहिलं आणि त्यांना जावयाची मनापासून दया आली. भोळा माणूस, कुणीतरी त्याच्या गळ्यात वापरलेला, आदळलेला माल मारला. म्हणूनच बिचाऱ्याचं मन ठरत नव्हतं. रागही आला, त्या नाशिकच्या माणसाचा. एवढी सुबक वस्तू आणि तिची ही दशा करून ठेवली.

आता कंपनीतला नियम असा की, दुरुस्त होण्यासारखा भाग बाद करायचा नाही. लाल चिठ्ठी लावणं सोपं असतं, पण त्यामागे कुणाची तरी मेहनत असते. जयमालाबाईंनी मनातल्या मनात शिपायाला पिवळी चिठ्ठी लावली. आणि मग त्यांची नजर बॅगेतल्या डब्यावर गेली. जावई संध्याकाळी येईल, कप्प्यात लखलखीत शिपाई उभा दिसेल, परत पाठवायची पाळीच येणार नाही. लेकीच्या घरात आपला काही उपयोग झाला, एवढं तरी म्हणता येईल.

त्यांनी फलालीनचा तुकडा बोटाला गुंडाळला, कंपाउंडचा ठिपका घेतला आणि खांद्यापासून सुरुवात केली. एवढा खोल दिसणारा ओरखडा चार फेऱ्यांत नाहीसा झाला, तेव्हा क्षणभर त्यांना नवल वाटलं खरं. खोल ओरखडा असा जात नाही. पण फडक्यावर रुपेरी, काळं, तांबूस असं काय काय उतरत होतं आणि खालून हिरवा रंग आरशासारखा वर येत होता. हात एकदा लयीला लागला की डोकं बाजूला बसतं. त्यांनी गुडघे केले, छाती केली, नळकांडी केली. बुटांतला चिखल काढायला जुना दातांचा ब्रश घेतला. दसऱ्यापासून इतकी सुखाची दुपार त्यांच्या वाट्याला आली नव्हती. गुणगुणतच त्यांनी शिपायाला मधल्या कप्प्यात उभं केलं आणि दिवा लावला.

वर्षाली पाच-साडेपाचच्या सुमाराला आली. पर्स सोफ्यावर टाकली, पाण्याचा तांब्या घेतला, आणि तिचं लक्ष शोकेसकडे गेलं. तांब्या तसाच हातात राहिला.

"आई, याचे डाग कुठे गेले?"

बाईंनी कौतुकाच्या अपेक्षेने सगळं सांगितलं.  वर्षाली आईजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात, शब्द जपून वापरत तिने समजावून सांगितलं. ते डाग म्हणजे घाण नव्हती. ते रंगवलेले होते, मुद्दाम, बारीक ब्रशने, हाताने. एका विलायती मालिकेतला हा पहारेकरी, नाव त्याचं ओर्डाक. लांबच्या ग्रहावर खाण असते, खाण बंद पडते, सगळे निघून जातात आणि हा एकटाच तिथे म्हातारा होईपर्यंत पहारा करत राहतो. म्हणून त्याचं चिलखत झिजलेलं. तशी झीज रंगवलेले शिपाई थोडेच निघाले होते, आणि सुजित कॉलेजात असल्यापासून नेमका तोच शोधत होता. चकचकीत तर कुठल्याही मॉलमध्ये मिळतात.

 जयमालाबाईंनी शोकेसकडे पाहिलं. मघापर्यंत त्यांना जे काम वाटत होतं ते आता नासधूस दिसायला लागलं. आता हा परतही पाठवता येणार नव्हता. दुसऱ्याची वस्तू, तीसुद्धा जावयाची, त्याच्या घरात बसून, त्याला न विचारता त्यांनी घासून टाकली होती. सावित्रीबाईंचा आवाज त्यांच्या कानात खणखणीत वाजला. एवढे दिवस तोंडाला कुलूप घातलं, पण हाताला घालायचं राहिलं.

वर्षाली म्हणाली, मी सांगते त्याला, तू मध्ये पडू नकोस. बाईंनी मान हलवली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. पलंगाखालची बॅग बाहेर काढली. कपाटातल्या साड्या पुन्हा तिच्यात गेल्या. मुमताजला फोन करून त्यांनी सहज चौकशी केल्यासारखं विचारलं, तर जुनी खोली अजून रिकामी होती. मुमताजने हरकून विचारलं, येताय का भाभी, आणि बाई नुसतंच हं म्हणाल्या. मग बॅग ओढत त्यांनी हॉलच्या दारापाशी आणून ठेवली. वर्षाली चिडली, मग रडकुंडीला आली. बाईंनी तिला एवढंच सांगितलं की माझ्यापायी तुम्हा दोघांत एक शब्द वाकडा झाला तर मला ते सहन व्हायचं नाही.

तेवढ्यात लिफ्टचा आवाज आला आणि सुजित आत शिरला. त्याने बूट काढायच्या आतच जयमालाबाई पुढे झाल्या. वर्षालीला बोलायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

"सुजितराव, मी तुमचा शिपाई खराब केला. मला ते डाग खरे वाटले. पुसून टाकले. माझी चूक हाय."

सुजित शोकेसपाशी गेला. काचेचं दार उघडून त्याने शिपायाला बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं. खांदा पाहिला, गुडघा पाहिला. त्याचा चेहरा उतरला, ते बाईंना स्पष्ट दिसलं. ती नजर कशी चुकणार? तो शिपायाला घेऊन गॅलरीत गेला आणि तिथे पाठमोरा उभा राहिला. खाली रस्त्यावर टेम्पोंची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. हॉलमध्ये मायलेकी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या.  बाई मनात म्हणत होत्या, काहीतरी बोला, ओरडा, पण असे गप्प राहू नका.

तो परत आला तेव्हा शिपाई त्याच्या हातातच होता. बोलायला तोंड उघडलं आणि त्याला दारापाशी ठेवलेली बॅग दिसली.

"ही कुठे निघाली?"

"निघोज्याला. मुमताजच्या शेजारची खोली रिकामी हाय. सकाळच्या बसनं जाते."

सुजित खुर्चीवर बसला. शिपायाला त्याने मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाला, "खोटं नाही बोलत, आई. वाईट वाटलं मला. फार दिवस शोधत होतो याला." त्याने दाराकडे बोट दाखवलं. "पण या बॅगेचं जास्त वाटतंय. वर्षालीने मला लग्नाआधीच बजावून ठेवलं होतं, आमची आई घरी आली की पहिल्याच दिवशी सगळ्या चुका काढेल, मनावर घेऊ नकोस. मी तयारीत होतो. दसरा गेला, दिवाळी गेली, तुम्ही एक चूक काढली नाहीत. नुसत्या हसता. मला वाटायला लागलं, यांना हे घर आपलं वाटतच नाही. म्हणून हा तुमच्या हातात दिला. म्हटलं, निदान याला तरी नावं ठेवतील."

जयमालाबाई उभ्या होत्या त्या सोफ्याच्या हातावर टेकल्या.  आपण जे जावयाचं मन राखायला गिळत होतो त्याचीच तो वाट बघत होता, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पदराने टिपत त्यांनी विचारलं, "मग खरं सांगू?"

"सांगा."

"त्या बटणाच्या बोर्डाखाली रंगाचा ओघळ हाय. आल्या दिवशी बघितला मी."

सुजित उठून बोर्डाजवळ गेला, मान तिरकी करून बघू लागला. त्याला दिसेना. बाईंनी त्याला सरकायला सांगितलं, उजेड बाजूने यायला हवा म्हणाल्या, आणि मग दिसला. तो म्हणाला, अरेच्चा, एवढे दिवस मी रोज इथे बटण दाबतोय. मग बाईंना कोण आवरणार? गॅलरीतली पोकळ फरशी, स्वयंपाकघरातला तिरका खण, शोकेसचं झुकलेलं दार, न्हाणीघरातल्या नळाखालची फट, बेडरूमच्या दाराची उलटी लावलेली कडी, सगळं धडाधड बाहेर आलं. बिल्डरचा उद्धार झाला, सुताराचा झाला. सुजित मागे मागे फिरत होता आणि प्रत्येक ठिकाणी मान तिरकी करून बघत होता. बाईंनी ओघात वर्षालीच्या भाजीत मीठ रोज कमी पडतं हेही सांगून टाकलं. तेव्हा वर्षालीने कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, घे, आली माझी आई. ती हसत होती आणि तिचेही डोळे ओले होते.

जेवताना बॅग दारात नव्हती. कुणी आत नेली ते बाईंनी विचारलं नाही. पण त्यांचा जीव इतका भांड्यात पडला होता की त्या रात्री त्यांना भाकरी जरा जास्तच गेली, आणि मानही खाली नव्हती.

रविवारी सकाळी सुजितने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रंगांच्या इवल्या बाटल्या, ब्रश, स्पंजाचे तुकडे मांडले. मधल्या दोन दिवसांत त्याने नाशिकला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं होतं, शिपाई ठेवून घेतो म्हणून कळवलं होतं, आणि झीज कशी रंगवतात हे विचारूनही घेतलं होतं. तो गुडघ्याचं काम करायला बसला. रुपेरी रंगाचे ठिपके त्याने इथे तिथे सगळीकडे सारखे दिले. जयमालाबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी धीर धरला, आणि मग धीर कशाला धरायचा हे आठवून बोलल्या. असा सगळीकडे सारखा रंग जात नाही म्हणाल्या. आधी कडा जातात. जिथे हात लागतो, पट्टा घासतो, तिथे जातो. मधलं तसंच राहतं.

सुजितने ब्रश त्यांच्यापुढे धरला. "मग खांदा तुम्ही करा."

बाईंनी मोजे चढवले, ब्रश घेतला, रुपेरी रंगात टेकवला आणि हात तिथेच थांबला. खांदा हिरवागार, नितळ, त्यांनी स्वतः पॉलिश केलेला. जन्मभर ज्या गोष्टीला पकडलं ती आपल्या हाताने करायची?  वर्षाली चहा घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. आई चांगल्या वस्तूवर ओरखडा काढणार, हे दृश्य तिला चुकवायचं नव्हतं.

मग बाईंना उद्धवरावांचा खाकी शर्ट आठवला. बस चालवायला निघताना ते डब्याची पिशवी नेहमी डाव्या खांद्याला अडकवायचे. शर्ट कुठेही फाटायचा नाही, रंग सगळीकडे धड असायचा, पण डाव्या खांद्यावर, कॉलरपासून चार बोटांवर, पट्ट्याच्या जागी तो झिजून पांढुरका पडायचा. नवा आणला की वर्षभरात तिथेच. त्या दरवेळी कुरकुरायच्या, पिशवी हातात धरत जा म्हणायच्या, आणि ते दरवेळी हो म्हणून पुन्हा खांद्यालाच अडकवायचे.

त्यांनी शिपायाच्या डाव्या खांद्यावर, पट्ट्याची जागा बघून, ब्रश अलगद ओढला. एकदा. मग कडेला जरासा पुन्हा. ब्रश खाली ठेवला आणि शिपायाला उचलून उजेडात धरलं. मान तिरकी करून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काय आई," सुजितने विचारलं, "ठेवायचा ना मधल्या कप्प्यात?"

"ठेवा," जयमालाबाई म्हणाल्या. "आता कसा, ड्यूटी करून घरी आल्यावाणी दिसतो."